बर्फातली बाटली

"मेल्यात, की नुसत्या रुसल्यात?"

मी मायक्रोस्कोपवरून मान वर केली. शेजारच्या प्रयोगशाळेतला तो उंच माणूस दारात उभा होता. आम्ही मुली त्याला ‘शिडी’ म्हणायचो... अर्थात त्याच्या पाठीमागे. गेले काही दिवस तो आमच्याकडे बर्फ मागायला यायचा.

"मेल्यात," मी म्हटलं. "तिसऱ्यांदा."

आतड्याच्या अस्तराच्या पेशी होत्या त्या. अन्न होतं, ऊब होती, तरी प्लेटमध्ये सुट्या होऊन तरंगत होत्या. आता त्या पेशींची शेवटची एक कुपी उरली होती. ती वाया गेली तर माझा प्रबंध बंद, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं. इतकी थकले होते, की रडूही येईना.

"नुसतं खाऊ घालून भागत नाही हो," तो म्हणाला. " अंगात त्यांच्याखाली प्रथिनांचं जाळं असतं, त्याला धरून त्या जगतात."

"माहितेय! त्याचाच लेप देते मी प्लेटला."

"त्या लेपाची गोठलेली बाटली कुठे वितळवता?"

"टेबलावर."

तो हसला नाही. मला तेवढंच फार बरं वाटलं. त्याने बाटली तिरकी केली. तळाशी गोळा जमला होता.

"ऊब लागली की हे आतच घट्ट होतं. तुम्ही प्लेटला फासलंत ते नुसतं वरचं पाणी. नवी बाटली संध्याकाळी बर्फात ठेवा, सकाळी काढा. घाई नको."

सकाळी तो स्वतःच बर्फ घेऊन हजर. गार प्लेट, गार लेप. मग लेप उबेत जमू दिला आणि वर शेवटच्या कुपीतल्या पेशी सोडल्या. सोडताना त्याने माझ्या मनगटाला हलकेच आधार दिला. मी हात काढून घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी मी प्लेटला टिचकी मारली. एकही पेशी हलली नाही. एकमेकींना खेटून, पाय रोवून बसल्या होत्या!

"चला," तो म्हणाला, "आता माझं बर्फाचं निमित्त संपलं. आमच्याकडे बर्फाची दोन यंत्रं आहेत..."

"दोन?"

"दोन."

"मग परवा बर्फ आणलात तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी फार दमलेय हो... पण तुम्ही नाही आलात की आणखी दमते."

तो शेजारच्या स्टुलावर बसला. मी डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं.

"टेक," तो हळूच म्हणाला. "शिडीलाही उभं राहायला भिंत लागते."

म्हणजे ते नाव त्याला ठाऊक होतं!