वॉशरसाठी घर पाहिजे

"काय पकडायचंय? बिबट्या?"

बनशंकरीतल्या त्या ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये मी पिंजरा टेकवला, तेव्हा वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवत त्याने कन्नडमध्ये विचारलं. कन्नड मला कळण्यापुरतं कळतं, बोलताना मात्र त-त-प-प होतं. म्हणून मी हिंदीत सांगितलं, की मांजर पकडायचंय, नसबंदीसाठी. पण ह्या पिंजऱ्याचं दार पडतच नाही. मांजर आत जातं, आमिषाला ठेवलेली तारली खातं आणि मिशा पुसत बाहेर येतं.

तो हसला. माझं डोकंच फिरलं. तीन दिवस पहाटे उठत होते मी, आणि ह्याला हसायला येतंय!

"हा काय डोंबल दुरुस्त करणार," मी पुटपुटले.

"करणार की," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "स्वल्प थांबा."

अरे बाप्पा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विद्याधर राव त्याचं नाव. त्याच्या घरचे कित्येक पिढ्यांपासून बंगळूरचे. घरात मराठी, घराबाहेर कन्नड. मी उल्का. नागपूरची, दोन वर्षांपासून इथे एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चुका काढते. नोकरीच ती, त्यामुळे सवय लागली आहे. शनिवार-रविवार एका संस्थेसाठी गल्लीतली मांजरं पकडते, ऑपरेशन करून आणते, आणि जिथली तिथे सोडते. लहान पिल्लं असतील तर घर मिळेपर्यंत ती माझ्याकडे राहतात.

"कुठली मांजरी पण?" त्याने विचारलं.

मी फोनवर फोटो दाखवला. तीन रंगांची, पांढऱ्या पायांची.

"ही तर आमची अक्का!" तो ओरडला. मग मला कोपऱ्यात नेलं. लोखंडी अँगलच्या थप्पीमागे जुन्या गोणपाटावर तीन पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. दीड महिन्याची असतील, आपापलं खायला लागलेली. म्हणजे अक्काला पकडायची वेळ हीच. नाहीतर दोन महिन्यांत पुन्हा तोच पाळणा हलणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही दोघं वर्कशॉपच्या मागे दबा धरून बसलो. मी बजावलं होतं, आवाज अजिबात करायचा नाही. पाच मिनिटांत माझा फोन थरथरला. दोन फुटांवर बसून त्याने मेसेज पाठवला होता.

"किती वेळ?"

"अक्काला विचारा."

"नाश्ता केलात?"

"गप्प बसा."

"मी बोललो कुठे?"

मी ओढणी तोंडात कोंबून हसू आवरलं. तेवढ्यात अक्का आली... इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आत शिरली. दार पडलं, पण खण्ण आवाज आलाच नाही. त्याने दाराच्या खाली रबराची पट्टी चिकटवली होती. "घाबरेल ना ती," तो नंतर म्हणाला, अगदी सहज. पिंजऱ्यावर चादर टाकताना मी त्याच्या हातांकडे पाहत होते. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी जागोजाग भाजलेले हात. ते मला आवडले, उगाच कशाला खोटं बोलू?

ऑपरेशन होऊन अक्का परत आली, तर तिचा डावा कान बघून हा माझ्यावरच चिडला. कान का कापला? मी समजावलं, की नुसतं टोक घेतात, बेशुद्ध असतानाच. म्हणजे पुढच्या वेळी हिला कुणी पुन्हा धरून नेत नाही. "सरी," म्हणजे बरं, असं तो म्हणाला. पण दिवसभर तिला मासे भरवत बसला होता.

पिल्लं माझ्याकडे आली. नावं त्यानेच ठेवली : नट, बोल्ट आणि वॉशर.

आणि मग रोज संध्याकाळी दारात हजर!

"आज काय काम?" मी विचारायचे.

"अक्काची पोरं म्हणजे माझी भाचरं. मामाने येऊ नये?"

"मामा रिकाम्या हाताने येतो का?"

दुसऱ्या दिवशी मामाने पिल्लांसाठी उकडलेलं चिकन आणलं आणि माझ्यासाठी मद्दूर वडे. मी पिल्लांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचे, तो वजनं लिहायचा. एकदा वॉशरने त्याच्या शर्टावर शू केली आणि मी ओरडले, "अरे, हलू नकोस, पडेल तो!" त्यानंतर आमच्यात अहो-जाहो काही परत आलं नाही.

नट गेला येलहंकाला. बोल्ट गेली तिच्यापेक्षा जास्त उड्या मारणाऱ्या जुळ्या भावंडांच्या घरी. वॉशर राहिला. त्याचा एक डोळा दुधाळ होता. लोक फोटो बघायचे, "क्यूट" म्हणायचे आणि दुसरं पिल्लू मागायचे.

अशातच तो मेल आला. नागपूरच्या ऑफिसात बदली मंजूर. अर्ज मीच केला होता, गेल्या दिवाळीत, एकटीने फराळाचा डबा उघडताना रडू आलं तेव्हा. पंधरा दिवसांत होकार कळवायचा, आणि महिनाअखेरीस निघायचं. आईने तर माझी खोली रंगवायलाही काढली.

वॉशरला तोवर घर मिळालं नाही तर त्याला संस्थेच्या पिंजऱ्यात जावं लागणार होतं. तिथे चाळीस मांजरं, रोज कुणालातरी सर्दी. अधू डोळ्याचं एवढंसं पिल्लू तिथे टिकलं नसतं. मी विद्याधरला सगळं सांगितलं. तो वॉशरच्या कानामागे खाजवत राहिला.

"घरी जायला मिळतंय. चांगलं झालं," तो म्हणाला.

मला राग आला. कशाचा ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

दोन दिवसांनी संस्थेकडे वॉशरसाठी अर्ज आला. अर्जदार : विद्याधर राव, जयनगर. आमच्याकडे नियम असा, की पिल्लू देण्याआधी ज्याने सांभाळलं त्याने ते घर बघून यायचं. ओळखीचा असो की मामा असो! रविवारी फॉर्म घेऊन मी गेले.

त्याची आई, शालनमावशी, ठेवणीतली साडी नेसून दारात उभी. टेबलावर उप्पिट आणि केसरीबाथचा गोड शिरा.

"मुलगा मुलीचं घर बघायला जातो," मावशी म्हणाल्या. "इथे मुलगी आली. काय हवं ते विचार, पोरी. मला चालतं."

"मावशी, मी मांजरासाठी..."

"तेच गं. विचार."

मी मान खाली घालून फॉर्म वाचला. घरातल्या सगळ्यांची संमती? आहे. कुणाला ॲलर्जी? नाही. बाहेरगावी गेल्यास कोण बघणार? "मी कुठे जाते?" मावशी म्हणाल्या. "हा पण कुठे जात नाही. जाणारे वेगळेच असतात." विद्याधर एकदम पाणी प्यायला लागला.

मग मी बाल्कनीत गेले. तिसरा मजला. चौकटीला स्क्रूची भोकं होती, आणि जाळीचा पत्ता नाही!

"अख्ख्या जयनगरला जाळ्या लावतोस, आणि स्वतःच्या घराला?"

"राहिलं खरं."

"नापास," मी म्हणाले आणि फॉर्मवर लिहिलं. जाळी नाही तर मांजर नाही, मग तो कुणीही असो.

"मग पुन्हा बघायला यावं लागेल तुला?"

"यावंच लागेल. पुढच्या रविवारी."

"सरी," तो म्हणाला. वर चक्क हसला.

तो आठवडा मी धुमसत काढला. वॉशरच्या जिवाशी खेळ, आणि ह्या माणसाला हसू येतं! रविवारी वॉशरला पिशवीत घालून रिक्षा केली. पाऊस आडवा येत होता, आणि पिशवीतून "म्यँ" अशी एकच तक्रार चालू होती.

बाल्कनीत जाळी होती. मी ओढून पाहिली, कोपरे तपासले. पक्की.

"जमली म्हणायची एकदाची," मी म्हणाले.

"जमायचंय काय त्यात?" आतून शालनमावशी. "उगादीच्या सणाला लावली होती की, कबुतरांसाठी. तू यायच्या दिवशी सकाळी ह्यानेच उतरवून ठेवली. म्हटलं, का रे बाबा? तर म्हणे, साफ करायचीय."

मी वळले. विद्याधर जाळीचा एकेक स्क्रू मोजल्यासारखा बघत होता.

"तू... मुद्दाम नापास झालास?"

"पहिल्याच वेळी पास केलं असतंस, तर काम संपलं असतं," तो म्हणाला. "मग तू नागपूरला. मला अजून एक रविवार हवा होता, उल्का."

"आणि वॉशर?"

"तू खाली उतरलीस आणि मी जाळी लावली. चार तर स्क्रू."

"अरे पण रविवार मागायचा ना! तोंड नाही तुला?"

"तुला घरी जायचं होतं. अर्ज तूच केलेलास. मी कोण अडवणारा?" तो थांबला. "आता विचारतो. जाऊ नकोस. मला तू आवडतेस... फार आवडतेस."

वॉशर पिशवीतून डोकं बाहेर काढून आम्हा दोघांकडे त्याच्या एका डोळ्याने बघत होता. माझे डोळे भरून आले. माझा आठवडाभराचा राग नेमका कशाचा होता, ते आत्ता कळलं. हा मला थांब म्हणाला नव्हता, त्याचा.

"गाढवा," मी म्हणाले, "त्या रबराच्या पट्टीपासून आवडतोस मला."

फॉर्ममध्ये शेवटचा एक रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवला होता : महिन्याने पुन्हा पाहणी कोण करणार. तिथे मी माझं नाव लिहिलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"महिन्याने येशील?"

"मग सहा महिन्यांनी. मग दर वर्षी."

"किती वर्षं?"

"मांजर पंधरा वर्षं सहज जगतं."

"सरी," तो म्हणाला, आणि माझ्या हातातलं पेन काढून घेऊन हात तसाच धरून ठेवला. भाजलेल्या डागांचा तो हात खरखरीत होता आणि गरम.

संध्याकाळी बदलीला नकार कळवला आणि घरी फोन केला. मी मांजराचं कारण पुढे केलं.

"एका मांजरासाठी नाही म्हणालीस?"

"मांजरासाठी पण," मी म्हणाले.

आईचा आवाज जरा बदलला.

"नाव काय?"

"वॉशर."

"मांजराचं नाही गं, उल्का."