चौथ्या गाईची मान

चौथ्या गाईची मान खालच्या रेषेशी एकेचाळीस अंशांचा कोन करत होती. सुनंदाने तो कोन सप्टेंबरात मोजून वहीत लिहिला. नोव्हेंबरात पुन्हा मोजला, तेव्हा तो त्रेचाळीस भरला.

मोजणाऱ्याची चूक, असं ती मनाशी म्हणाली. मोजणारी तीच असल्यामुळे ते तिला जरा लागलं.

ती पदार्थविज्ञानाची पदवीधर होती आणि अंबरनाथच्या संग्रहालयात तिची नेमणूक वस्तूंची मोजमापं घेण्यासाठी झाली होती. संग्रहालय म्हणजे दोन खोल्या आणि मागची पडवी. पहिली खोली कलेची. तिथे तीन तैलचित्रं होती: एक जहागीरदार, त्याचा घोडा आणि आंब्यांची पाटी. तिघांत घोडा जास्त विचारी दिसायचा. दुसरी खोली दगडांची. जुन्या देवळाच्या परिसरात सापडलेले हात, पाय, अर्धे चेहरे तिथे ओळीने मांडले होते आणि खोलीच्या मधोमध, पाठ खिडकीकडे करून, वीरगळ उभी होती.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. ही साडेतीन फुटी होती. खालच्या पट्टीत पाच गाई डावीकडे तोंड करून चरताहेत, मधल्या पट्टीत त्यांना पळवणाऱ्यांशी एक माणूस लढतोय आणि वरच्या पट्टीत तोच माणूस शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. चामटोलीपलीकडच्या एका वाडीच्या वेशीवरून संग्रहालयप्रमुख गुप्तेसाहेबांनी ती १९५० साली बैलगाडीतून आणली होती. फोटो काढून, साचा घेऊन चार दिवसांत परत देतो, असं त्यांनी वाडीला सांगितलं होतं. आता १९५४ साल चालू होतं.

जयदेवराव गुप्ते माणूस वाईट नव्हता. त्यांना निर्णय तेवढा घेता येत नसे. चहा प्यायचा की कॉफी, हेसुद्धा त्यांनी मधू शिपायावर सोपवलं होतं. वाडीचा दगड परत मागणारा अर्ज त्यांच्या फाइलीत होता. त्यावर त्यांनी चार वर्षांत चार वेळा ‘विचाराधीन’ लिहिलं होतं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा सुबक अक्षरात.

डिसेंबरात चौथ्या गाईने मान पूर्ण वर केली. जानेवारीत तिने मागे वळून पाहिलं. सुनंदाने दगडाचं तापमान घेतलं, भिंतीला ओळंबा लावला, कोनमापक बदलला. फेब्रुवारीत उरलेल्या चौघींनीही माना वळवल्या, तेव्हा ती गुप्त्यांसमोर वही घेऊन उभी राहिली.

गुप्त्यांनी बराच वेळ वाचलं. मग ते म्हणाले की सुनंदाबाईंनी नोंदवहीतले जुने आकडे खोडून नवे लिहावेत. दगड हलवण्यापेक्षा नोंदवही हलवणं सोपं. सुनंदाने विचारलं, आणि पुढच्या महिन्यात? त्यावर ते पेन्सिलीने लिहा म्हणाले.

त्याच आठवड्यात कौसाबाई आली. ती वाडीतली पन्नाशीची बाई, दर दोनतीन महिन्यांनी यायची. हातात लोटा, लोट्यावर पळसाचं पान. वाडीत गाय व्याली की पहिल्या दुधाची, चिकाची धार आधी वीरावर धरायची आणि मगच वासराला सोडायचं, अशी तिकडची रीत. दगड इथे आला म्हणून चीकही इथे यायला लागला. पण प्रदर्शनातल्या वस्तूवर दूध ओतायला मनाई होती. तेव्हा मधू दारातच लोटा घ्यायचा, देवाला पोचतं म्हणायचा आणि कौसाबाई हात जोडून परत जायची.

या वेळी तिच्या हातात लोटा नव्हता. बाहेर बैलगाडी उभी होती.

वाडीतली वासरं चार वर्षं नीट जगत नव्हती. आचळाला तोंडच लावत नव्हती. कौसाबाईच्या कपिलेची मागची दोन गेली होती आणि तिसऱ्या वेताला ती आज-उद्यावर आली होती. घरात दुसरी गाय नव्हती. हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं आणि दगडांच्या खोलीत फतकल मारली.

“दगूड घेतल्याबिगर मी जात नाय, सायब. गाडी आनलीय, पेंढाबी टाकलाय त्याच्याखाली.”

गुप्ते म्हणाले, पाहू. मग ते कलेच्या खोलीत जाऊन घोड्यासमोर उभे राहिले.

सुनंदाने त्या वेळात एक साधं काम केलं. तिने पांढऱ्या दोऱ्याचं टोक चौथ्या गाईच्या नाकपुडीला मेणाने चिकटवलं आणि गाय जिकडे बघत होती त्या दिशेला दोरा ताणत नेला. दोरा दगडाच्या कडेवरून मागे वळला, खिडकीतून बाहेर गेला, पडवी ओलांडून मधूच्या शेगडीपाशी पोचला. शेगडीवर एक झाकलेलं पातेलं होतं. दुसऱ्या गाईचा दोरा तिथेच आला. तिसरीचाही.

तिने झाकण उचललं. आत खरवस होता. वेलदोडा घातलेला, वर केशराच्या दोन काड्या.

सुनंदाला खरवस आवडायचा. मधू तो अधूनमधून करायचा, वांगणीच्या बहिणीकडे गाय आहे म्हणायचा. गुप्ते तीन वड्या खायचे. ती दोन.

“मधू,” ती म्हणाली, “तुला बहीण आहे का?”

मधूने तिच्याकडे पाहिलं, मग दोऱ्यांकडे.

“भाऊ आहे, बाई,” तो म्हणाला. “पण तो कल्याणला. टांगा चालवतो.”

मग त्याने सगळं सांगितलं. दगडावर ओतू देत नाहीत, फेकून द्यावं तर पाप, म्हणून पहिल्यांदा केला. साहेबांना आवडला. पुढे साहेबच विचारायला लागले. कालचा चीक वाडीतल्याच दुसऱ्या एका माणसाने आणून दिला होता.

कौसाबाई खिडकीतून ऐकत होती. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं की गूळ घातला का साखर. साखर, असं मधू म्हणाला, तेव्हा मात्र तिने तोंड वाकडं केलं.

गुप्ते आले. त्यांनी दोरे पाहिले, पातेलं पाहिलं आणि रुमालाने ओठ पुसले, जणू चार वर्षांचा खरवस तिथे अजून लागलेला होता. सुनंदाला वाटलं, आता ते बोलतील.

“प्लॅस्टरची प्रत पाहू आधी,” ते म्हणाले. “ती शाबूत असेल तर इथे मांडता येईल. मग पुढचा विचार.”

या चार वर्षांत ते निर्णयाच्या सगळ्यांत जवळ आले होते.

साच्यातून वीरगळीची प्लॅस्टरची प्रत १९५० सालीच काढलेली. ती ज्या खोक्यात होती ते निर्वासितांच्या कॅम्प एकमधल्या एका सिंधी सुताराने केलं होतं. त्याने दर दोन इंचांवर खिळा मारला होता, आणि सागवान असं जुळवलं होतं की फटीत पेन्सिलीचं टोक जाणार नाही. सुनंदाने पेन्सिल लावून पाहिली. गेली नाही. एकही खिळा उपटलेला नव्हता.

मधूला झाकण काढायला पाऊण तास लागला. तेवढ्यात काडेपेटीच्या कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला. बाहेर बैलांनी घंटा हलवल्या.

झाकण निघालं.

प्रत उघड्या फळीवर पडली होती. शाबूत.

“पेंढा कुठाय?” मधू म्हणाला. “मी भरलाय, साहेब. तीन भारे. पायाने दाबून.”

पेंढा नव्हता. कोपऱ्यात काही तुकडे होते, बोटाच्या पेराएवढे, टोकं चावलेली. सुनंदाने उंदराच्या लेंड्या शोधल्या. भोक शोधलं. काहीच नव्हतं. खोक्यात गोठ्याचा वास होता.

ती वाकली. प्लॅस्टरच्या पाच गाई, पाचही माना खाली. चौथीच्या तोंडाशी भाताच्या पेंढ्याची एक काडी होती. सुनंदाने ती चिमटीत धरून ओढली. निघाली नाही. अर्धी काडी बाहेर होती. अर्धी प्लॅस्टरच्या आत.

बाहेरची अर्धी ओली होती.

कौसाबाई उठून खोक्यापाशी आली, आत पाहिलं आणि पदर डोक्यावरून नीट घेतला.

“भुकेली असतील, सायब,” ती म्हणाली. “चार वरसं झाली.”

गुप्त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला नाही.

“दगड न्या,” ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, फक्त त्यात ‘पाहू’ नव्हतं. “आणि ह्यांनाही न्या.”