तिसरी प्रत

त्या दिवशी काम नेहमीचेच होते. कोर्टातल्या टंकलेखकाने तीन कोरे कागद घेतले, मध्ये दोन कार्बन सरकवले, पाचही पाने टेबलावर ठोकून सारखी केली आणि यंत्रात चढवली. वरची प्रत न्यायाधीश साहेबांच्या फायलीला, दुसरी सरकारी वकिलांना, तिसरी आरोपीच्या वकिलाला. तिसरी नेहमी पुसट येते. ती कोणी वाचतही नाही म्हणा.

दिवसभर लोकांचे बोलणे टाइप करणारा हा माणूस, स्वतःला चार शब्द बोलायची वेळ आली की घामाघूम व्हायचा. म्हणून म्हाताऱ्या पट्टेवाल्याने त्याचे नाव ‘मौनी’ ठेवले होते.

“मौनी, आज वर बघू नकोस,” पट्टेवाला पंखा लावता लावता पुटपुटला. “ती तुझ्याकडेच बघणार.”

ती म्हणजे आजची आरोपी, मावशी. ती गल्लीत पाळणाघर चालवायची. मौनीची मुलगी तिच्याच मांडीवर वाढली होती. हिवाळ्यात तिच्याकडे एक तान्हे बाळ झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसे कच्ची होती. पण पुढच्या प्रार्थनेला धर्मगुरू म्हणाले, बाळे उगीच जात नाहीत, कोणीतरी ती सैतानाला, त्या काळ्या माणसाला देते. झाले, लोकांना तेवढेच हवे होते. पोलिसांना पाळणाघरात काळा पडदा सापडला, फरशीवर खडूची वर्तुळे सापडली, मुंडके नसलेली बाहुली सापडली. पडदा दुपारच्या झोपेसाठी होता. वर्तुळे कोणी कुठे बसायचे त्यासाठी. आणि बाहुलीचे मुंडके मौनीच्याच मुलीने उपटले होते. हे सगळे त्याला ठाऊक होते. पण त्याला कोणी विचारले नव्हते, आणि न विचारता बोलणे त्याला जमत नव्हते.

साक्षीला पाच वर्षांचा मुलगा आला. पिंजऱ्याच्या कठड्यावरून तो दिसेना, म्हणून त्याला स्टुलावर उभे केले. आई मागे उभी राहिली, हात त्याच्या मानेवर. पहिल्या रांगेत धर्मगुरू बसले होते. ते आत आले तेव्हा साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते.

“मावशी दिवा घालवून काळ्या माणसाशी बोलायची ना, बाळ?” सरकारी वकिलांनी विचारले.

“नाही. आम्हाला झोपवायची.”

“नीट आठव. बोलायची ना?”

“नाही.”

वर पंखा कुरकुरत होता. चौथ्यांदा विचारले तेव्हा मुलाने आईकडे बघायला मान वळवू पाहिली. आईच्या हाताखाली ती वळली नाही. नुसती खाली गेली.

या कोर्टाची रीत अशी, की प्रश्न टाइप होत नाहीत. उत्तराचे सार साहेब स्वतः सांगतात आणि टंकलेखकाने ते साक्षीदाराच्या तोंडी घालायचे.

“घ्या,” साहेब म्हणाले. “मावशी दिवा घालवून काळ्या माणसाशी बोलत असे. हे मी स्वतः पाहिले आहे.”

मौनीने घेतले. बारा वर्षे तो हेच करत होता.

जेवणाच्या सुट्टीत तो प्रती सोडवायला बसला, तेव्हा त्याला वास आला. तान्ह्या बाळाच्या लाळेऱ्याला येतो तसा, आंबूस दुधाचा. खिडकी बंद होती. वरची प्रत बरोबर होती. दुसरी बरोबर होती. तिसरी त्याने उजेडाला धरली.

*प्र. — मावशी काळ्या माणसाशी बोलायची ना? उ. — नाही.*

*प्र. — नीट आठव. उ. — नाही.*

*प्र. — घाबरू नकोस, सांग. उ. — नाही.*

*प्र. — बोलायची ना? उ. — (साक्षीदाराच्या मानेवर आईचा हात आहे.)*

“हे... हे मी टाइप केलेलं नाही,” तो म्हणाला.

पट्टेवाल्याने चष्मा लावून वाचले. “कोणी का केलेलं असेना. खरं आहे ना? मग आरोपीच्या वकिलाच्या हातात दे आणि मोकळा हो. ही प्रत त्याचीच.”

“पण प्रतींत फरक आढळला तर आधी साहेबांना दाखवायचं असतं.”

“अरे मेल्या, नियम पाळायला तुला आजचाच दिवस सापडला?”

मौनीला वाटले, साहेब शिकलेले आहेत. वाचतील, त्यांना कळेल. तो कागद घेऊन आत गेला. साहेब आणि धर्मगुरू चहा पीत होते.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. “हे तुम्ही टाइप केलंत?”

‘हो’ म्हटले असते, तर एका कारकुनाची नोकरी गेली असती आणि एका बाईचा जीव वाचला असता. एवढे एकच अक्षर. पण मौनी आजवर खोटे बोलला नव्हता.

“नाही, साहेब.”

“मग कोणी?”



धर्मगुरूंनी कप खाली ठेवला. कागदाला त्यांनी हात लावला नाही. “पाहिलंत ना?” ते अगदी मायेने म्हणाले. “ती पिंजऱ्यात बसलीय, आणि तिचा धनी तिची वकिली करतोय.”

दुसऱ्या दिवशी मौनीची साक्ष झाली. दुसरा टंकलेखक नव्हता. शपथ घेऊन तो आपल्याच खुर्चीत बसला.

“घ्या. सदर मजकूर मी टाइप केलेला नाही. तो मानवी हाताने उमटलेला नाही.”

“पण साहेब... त्यात जे लिहिलंय ते...”

“‘पण’ घ्यायचं नाही. विचारलं तेवढंच.”

त्याने आपल्या बोटांनी ते टाइप केले. खाली सही केली. वर पाहिले, तर मावशी त्याच्याकडेच बघत होती. डोळ्यांत राग असता तर बरे झाले असते.

“पोर नीट जेवते ना रे?” तिने विचारले.

ते कोणी टाइप केले नाही.

घरीही सगळे बदलले. बायको रोज प्रार्थनेला जाऊ लागली. त्याच्या ताटाशी बसेना. मुलीला ती त्याच्याजवळ एकटी सोडत नसे. विचारले तर म्हणायची, “काही नाही हो. लोक बोलतात... त्या कागदाला पहिला हात तुमचा लागला म्हणून.”

मावशीला फाशी दिली त्या सकाळी कोर्टात नवे यंत्र आले. धर्मगुरूंनी त्यावर पाणी शिंपडले. जुने कार्बन जाळून टाकले. मौनीने नव्या कार्बनचे सीलबंद पाकीट फोडले, पहिला कार्बन काढला आणि सवयीने खिडकीपाशी धरला. कुठे भोक नाही ना, हे टंकलेखक आधी बघतो.

खिडकी बंद होती. तरी आंबूस दुधाचा वास आला.

त्या कोऱ्या कार्बनवर आधीच उमटलेल्या अक्षरांतून उजेड येत होता.

*आरोपी — टंकलेखक. साक्षीदार — आरोपीची मुलगी, वय वर्षे सात.*

मुलगी सहा वर्षांची होती. सातवा वाढदिवस पुढच्या महिन्यात होता.

*प्र. — बाबा यंत्रात बसलेल्या काळ्या माणसाशी बोलायचे ना, बाळ? उ. — नाही.*

*प्र. — नीट आठव. उ. — नाही.*

“मौनी,” दारातून पट्टेवाल्याने हाक मारली. आज त्याने थट्टा केली नाही, आतही पाऊल टाकले नाही. “साहेब बसलेत... कागद चढव.”

मौनीचे लक्ष नव्हते. खाली अजून एक ओळ होती. तिसऱ्या प्रश्नापुढे उत्तर नव्हते, नुसता कंस होता.

*(साक्षीदाराच्या मानेवर आईचा हात आहे.)*