वाणातलं कांदळ

मालवणच्या पोवळेघरात दिवसाची सुरुवात टाकीत परीक्षणकांडी बुडवण्यानं होई. समुद्र तापून किनाऱ्यालगतची पोवळी मेली, त्यातली वाचवलेली तेवढी इथल्या खाऱ्या पाण्याच्या काचटाक्यांत वाढत होती, आणि ती राखण्याचं काम ईशानी तोडणकरचं होतं. कांडीवरचा आकडा पाहून आज तिच्या कपाळाला आठी पडली. मॅग्नेशियम पुन्हा घसरलं होतं. काल संध्याकाळीच तिनं ते मोजून घातलं होतं.

पाण्यातलं मॅग्नेशियम उतरलं की त्यातला चुना पोवळ्यांच्या तोंडी लागायच्या आधीच गोठून बसतो. तसंच झालं होतं. पंपावर पांढरी खरपुडी धरली होती आणि पोवळी उपाशीपोटी फिकट पडत चालली होती.

तिचा संशय टाकीतल्या कांदळावर होता. पाण्यातली घाण आणि जादा मीठ शोषून घेण्यासाठी एका प्रयोगशाळेनं घडवलेलं हे खारफुटीचं झाड. साधं कांदळ वर्षभरात वाढत नाही, तेवढं हे महिन्यात वाढे. पानांना हिरवेपणा देणाऱ्या हरितद्रव्याच्या गाभ्यात मॅग्नेशियमचाच अणू असतो, तेव्हा असल्या खादाड झाडाला ते लागणारच. चोर सापडला म्हणून तिनं झाड उपटलं. तरी आकडा उतरतच राहिला.

मग तिनं टाकीतलं नुसतं पाणी बरणीत घेतलं. त्यात झाड नव्हतं, पोवळं नव्हतं. वरून मॅग्नेशियमचा क्षार घातला. दुपारी कांडी बुडवली, तर मोकळं मॅग्नेशियम औषधालाही उरलं नव्हतं. तिनं घाबरून प्रयोगशाळेत फोन लावला.

"तो वेठ्या," झाड घडवणारे डॉक्टर हेगिष्टे म्हणाले. "म्हणजे मुळातून सुटणारा एक रेणू. आम्हीच त्याला हे नाव दिलंय. मॅग्नेशियम दिसलं की त्याला वेठीला धरतो आणि मुळापाशी आणून घालतो. झाड काढलंत तरी वेठ्या पाण्यात राहतोच."

"आणि असं पाणी कुणी प्यायलं तर?"

"टाकीतलं खारं पाणी कोण पिणार?" ते हसले. मग त्यांचा आवाज बदलला. "बाहेर कुठे लावलं नाहीत ना?"

ईशानीनं फोन तसाच ठेवून दिला. कांदळाच्या शेंगा झाडावर असतानाच रुजतात. खाली पडलेल्या काही लांबसडक शेंगा शोभेला म्हणून तिनंच घरी आणून खिडकीत ठेवल्या होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाई दर्शनाताईंनी त्या वाण म्हणून वाटून टाकल्या. प्लास्टिकचे डबे वाटण्यापेक्षा झाड बरं, म्हणून सगळ्या बायकांनी त्यांचं कौतुक केलं होतं.

ती धावतच घरी आली. "आई, वाणातली झाडं बायकांनी कुठे लावली?"

"आपापल्या बावीत," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "बावी सगळ्यो खाऱ्यो झालेल्यो. ह्या झाडान पाणी गोड केला बघ! पयली शेंग आपल्या जुईक दिलंय. तिची बाव तर अशी निवळली!"

जुई म्हणजे ईशानीची नणंद. देवबागला दिलेली, आणि सातव्या महिन्यात होती.

"म्हणजे जुई त्या विहिरीचं पाणी पिते? तब्येत कशी आहे तिची?"

"बरी आसा. राती पाय वळतत, हात थरथरतत. पोटुशी बायल, चलायचाच."

ईशानी आल्या पावली देवबागला निघाली. स्नायू सैल व्हायला, हृदयाचा ठोका सरळ पडायला माणसालाही मॅग्नेशियम लागतं, आणि वेठ्याला समुद्राचं कोणतं नि माणसाचं कोणतं हे कळत नव्हतं.

देवबागला ती पोचली तेव्हा जुई विहिरीच्या कठड्याला टेकून बसली होती. कांदळ विहिरीच्या चिऱ्यांतून तरारून वर आलं होतं, इतकं हिरवंगार की बघवेना. आजूबाजूच्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या.

"वहिनी, पी बघ. टँकर बंद केलंव आमी," म्हणत जुईनं तांब्या पुढे केला. तिचा हात एवढा थरथरत होता की निम्मं पाणी साडीवर सांडलं. बोटं आखडून तळव्यात वळली होती. ईशानीनं तांब्या हिसकावून जमिनीवर ओतला.

"बाळ हलतंय का गं?"

जुईचे डोळे भरून आले. "सकाळपासून हललाच नाय."

ईशानीनं रुग्णवाहिका बोलावली, शहाळं सोलायला लावलं. त्या पाण्यात थोडं का होईना मॅग्नेशियम होतं, आणि त्यात वेठ्या नव्हता. जुई घोट घोट पीत होती आणि ईशानी तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती. मनातल्या मनात कुलदैवतापासून सगळ्यांना साकडं घालून झालं. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला, तेव्हा तळहाताखाली अगदी हळू काहीतरी सरकलं. ती ढसाढसा रडली.

"मॅग्नेशियम शिरेतून चढवा, आणि थांबवू नका," असं रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना बजावून तिनं जुईला तिच्या नवऱ्याबरोबर पाठवलं. मग बायकांना सारं सांगितलं. सगळ्यांनी मिळून दोर लावून झाड ओढलं. खोड तुटून हातात आलं. मुळं मात्र चिऱ्यांमागे, झऱ्याच्या तोंडाशी तशीच राहिली.

"ही शेंग लावलेली एकूण एक विहीर बंद करावी लागेल," ईशानी म्हणाली. "आजपासून ह्यातला थेंबही प्यायचा नाही."

कुणीच हंडा खाली ठेवला नाही. जुईची सासू, प्रमिलाकाकी, पुढे आल्या. डोळे पुसत त्यांनी पोहरा विहिरीत सोडला.

"काकी, नको!"

"तू सांगलंस, आमी झाड उपटलंव," त्या म्हणाल्या. "पण टँकरवालो परत येवचो नाय, आणि शहाळी किती दीस पुरतली? माजी सून बाळाक घेवन घराक येतली गो बाय, तेवा तिका पियाक काय देवचा?"