छोट्या दारामागची तार

पटत नसेल तर वाचू नका. मी काही कुणाच्या गळ्यात मारत नाहीये. पण यातला शब्दन् शब्द मला माझ्या सख्ख्या मामाने सांगितलाय, हॉस्पिटलच्या खाटेवर पडून. तेव्हा खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

एरवी खोटं बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हेही आधीच सांगते.

मामाबरोबर हे घडलं तो वार रविवार. वेळ दुपारी तीनची. रात्र नव्हती, दिवे गेले नव्हते. लख्ख ऊन होतं आणि रस्त्यावर माणसं होती.

मामाला सगळे टेस्टर म्हणायचे, कारण शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. खेळाची मशीनं दुरुस्त करायचा. पिनबॉलमध्ये तर त्याचा हातखंडा. काचेखाली तिरका पाट, त्यावर पळणारी लोखंडी गोळी, आणि बाजूची बटणं दाबून ती वर उडवायची, तोच खेळ. हौशी लोक घरीही ठेवतात. गोळी जिथे जिथे लागते तिथे पाटाखाली एक स्विच असतो. एका मशीनमध्ये असे पन्नास-साठ. त्यातला एक रुसला तरी सगळा खेळ बिघडतो.

मशीनला पुढे एक छोटं दार असतं. ते उघडलं की आतला मोठा करंट आपोआप तुटतो. दारामागच्या एका स्विचमुळे. पण दुरुस्ती करताना दार उघडं हवं आणि करंटही चालू हवा. मग मेकॅनिक लोक त्या स्विचला तारेचा एक तुकडा जोडतात. मशीनला वाटतं, दार बंदच आहे. काम झालं की तार काढायची.

मामा एकदा एका घरी ती काढायची विसरला.

एकदाच.

दुसऱ्याच दिवशी त्या घरचा मालक सात वर्षांच्या लेकीबरोबर खेळत होता. गोळी अडकली. त्याने नेहमीसारखं छोटं दार उघडलं, करंट तुटलाय असं समजून आत हात घातला...

लेकीच्या डोळ्यांदेखत गेला.

मामाला बोलावणं आलं. तो समजायचं ते समजला. आणि त्या मालकाच्या बायकोला काय म्हणाला ठाऊक आहे?

"वहिनी, हात घालण्याआधी त्यांनी मशीन तर बंदच केलेलं असणार. मध्येच कुणीतरी चालू केलं."

खोलीत दुसरं होतं कोण? सात वर्षांची पोर.

माझा मामा होता म्हणून सांगते, इतका नीचपणा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

चार वर्षं ती खोली कुलूपबंद राहिली. बाई कुणाला मशीनला बोटही लावू देईना. आणि मग एका रविवारी तिचाच फोन आला.

"भाऊ, मशीन माझ्या भावाकडे पाठवायचंय. इतकी वर्षं बंद आहे, स्विच चिकटले असतील. तुम्ही एकदा बघून जा, मग उद्या त्याचा मेकॅनिक सगळं खोलून नेणार आहे."

सगळं खोलून.

तार अजून तिथेच होती.

तो तासाभरात पोचला. बाईने दार उघडलं. आतल्या खोलीत पडदे ओढून अंधारात ती पोर बसली होती. आता अकरा वर्षांची. मांडीवर पुस्तक, पण अंधारात वाचणार काय?

बाईने जाता जाता दिवा लावला.

"ही कुठल्याच बटणाला हात लावत नाही," ती म्हणाली. "लावूही नये. एकदा लावला तेवढा पुरे."

पोरीने मान खाली घातली. मामाने पिशवी उचलली आणि मागची खोली गाठली.

मशीनवर धुळीचा थर होता. त्याने काच काढली, प्लग लावला, मशीन चालू केलं. स्विच तपासायची एक सोय असते मशीनमध्ये. स्विच दाबला की टिंग वाजतं आणि मशीनच्या छोट्या पडद्यावर त्याचा नंबर येतो. मामा हाताने गोळी फिरवू लागला. एक मुका निघाला. एक चिकटलेला. त्याने जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा स्विचच्या पात्यांमध्ये घालून दोन्ही पुसले.

मग बाईला म्हणाला, "वहिनी, तीन पेन्सिल सेल लागतील. आणता का?"

सेल त्याच्या पिशवीत होते. त्याला बाई घराबाहेर हवी होती.

बाई गेली. कडी वाजली.

टिंग.

मामाने पडद्याकडे पाहिलं. बारा नंबर. पाटाच्या वरच्या कोपऱ्यातला. त्याचा हात तर तिथे नव्हताच.

टिंग... टिंग... 

सतरा. एकवीस.

गोळी त्याच्या मुठीत होती. तरी स्विच एकामागून एक वाजत होते. वरून खाली, अगदी गोळी घरंगळत यावी तशा क्रमाने. खाली आल्यावर थांबले... आणि पुन्हा वरून सुरू.

कुणीतरी खेळत होतं.

"डायोड गेला असेल," मामा स्वतःशीच म्हणाला. डायोड गेला की न दाबलेला स्विच दाबल्यासारखा दिसतो, हे खरं आहे. पण असा रांगेने?

तो दाराकडे वळलाही. पण तार काढल्याशिवाय जाऊन चालणार नव्हतं. त्याने मशीनच्या पोटाखालचं लाल बटण बंद केलं. पडदा काळा झाला. प्लग काढायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. छोटं दार उघडलं, आत हात घातला, कटरने तार तोडली, खिशात टाकली.

संपलं. सुटलो, असं त्याला वाटलं. राहिलेलं टोक काढायला त्याने पुन्हा हात आत घातला...

टिंग.

काळा पडदा उजळला. त्यावर एकच ओळ होती.

दार बंद आहे.

दार तर त्याच्या कोपराला टेकून उघडं होतं.

पुढच्याच क्षणी त्याचं मनगट धरलं गेलं.

"करंट माणसाला धरून ठेवतो, हे मला ठाऊक आहे गं," मामा मला म्हणाला. "पण करंटला बोटं नसतात."

अंग लाकूड झालं. मोकळा डावा हातही हलेना. आणि खोलीच्या दारात ती पोर उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"बंद कर! खाली लाल बटण आहे, बंद कर!"

"मी नाही हात लावत, काका," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय ना, मी चालू केलं म्हणून बाबा गेले."

"खोटं होतं ते! तू काही केलं नव्हतंस!"

"मग कुणी केलं?"

"मी! तार मी घातली होती... काढायची राहिली... बंद कर गं बाई, पाया पडतो तुझ्या!"

पोर जवळ आली. मशीनला कान लावला. अगदी शहाण्या मुलीसारखं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा म्हणतायत, आईसमोर बोला."

तिने बटणाला हात लावला नाही. मामाचं मांस जळाल्याचा वास येत होता, तरी नाही.

किती वेळ गेला, देव जाणे. बाहेर कडी वाजली... आणि पकड सुटली. मामा जमिनीवर कोसळला. बाई सेल हातात घेऊन धावत आली.

"अहो काय झालं?"

एक वाक्य बोलायचं होतं. एकच. चार वर्षं दिवा न लावता अंधारात बसलेली पोर समोर होती, आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदाच आशा होती. मामानेच सांगितलं मला हे. म्हणजे त्याला दिसत होतं सगळं!

आणि तो म्हणाला, "मशीन बंद होतं, वहिनी. हिनं चालू केलं."

बाईने पोरीच्या थोबाडीत मारली. एकदा नाही. हातातले सेल घरंगळत भिंतीपर्यंत गेले.

पोर रडली नाही. गालावर हात ठेवून ती मामाजवळ वाकली.

"काका, बाबांनी ऐकलं."

तिसऱ्या दिवशी मामाने मला हे सगळं सांगितलं. हात बरा होतोय, असं डॉक्टर म्हणत होते. पाचव्या दिवशी भरदुपारी तो गेला. नर्स म्हणाली, खोलीत कुणीच नव्हतं आणि हे सारखे कुणाला तरी सांगत होते, "बोलतो, तिच्या आईला बोलवा, बोलतो."

कारण काय लिहिलं? हृदय बंद पडलं. उजव्या मनगटावर पाच बोटांचे वळ मी स्वतः पाहिलेत. त्याबद्दल एक ओळ नाही.

मी मामीला म्हटलं, त्या बाईला खरं सांगायला हवं. मामीने माझा हात धरला. "मेलेल्या माणसाची अब्रू वेशीवर टांगू नकोस. तुला माझी शपथ आहे."

मी गप्प बसले. सात महिने झाले. त्या घरी मी कधी गेलेले नाही. त्या माणसांना माझं नाव, नंबर, काही ठाऊक नाही.

गेल्या रविवारी दुपारी तीनला फोन वाजला.

एका लहान मुलीचा आवाज होता. "ताई, बाबा विचारतायत, तुम्ही आईला सांगायला कधी येणार?"

हो म्हणायचं होतं मला. खरंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "राँग नंबर."

ती फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाली,

"बाबा, या पण खोटंच बोलतायत."