बियाण्यांच्या दुकानातला मतचाचणीवाला

दुकानाची घंटी वाजली तेव्हा मी शिडीवर होते, ट्यूलिपच्या कंदांची खोकी वरच्या फळीवर चढवत. दारात एक उंच तरुण उभा होता. नेकार नदीवरून बारीक भुरभुर येत होती आणि त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचा धुरकटल्या होत्या. त्यामुळे तो माझ्याऐवजी बियांच्या कपाटाकडे बघून अदबीने म्हणाला, "नमस्कार. आपला थोडा वेळ मिळेल का?"

"ब्रश आहेत आमच्याकडे," मी वरून म्हटलं. "व्हॅक्यूम क्लीनरही आहे."

"मला काही विकायचं नाही." त्याने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि मग कुठे मी त्याला दिसले. "मला फक्त तुमचं मत हवंय. नगराध्यक्षाच्या निवडणुकीबद्दल."

मला हसू आवरेना. "बाहेरची पाटी वाचलीत का?"

त्याने वाचली नव्हती. दार उघडून, मान बाहेर काढून त्याने ती वाचली — गोटहिल्फ हेबर्ले, बियाणी आणि कंद. हेच नाव गावातल्या प्रत्येक दिव्याच्या खांबावर, बाबांच्या फोटोखाली छापलेलं होतं. तो आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"घरं आम्ही चिठ्ठ्या टाकून निवडतो," तो म्हणाला. "या घराची चिठ्ठी निघाली. आता उमेदवाराचं घर निघालं म्हणून ती परत टाकता येत नाही."

"मग विचारा."

"येत्या रविवारी मतदान असतं, तर तुम्ही कुणाला मत दिलं असतं?"

"तुम्ही कुणाला दिलं असतं?"

"मला सांगायला मनाई आहे."

"बाबांचा फोटो बघितलात ना? कसा आलाय?"

"मनाई आहे."

"आमच्याकडचा कांद्याचा केक आवडतो का, हे तरी सांगता येईल?"

त्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, "त्याला हरकत नसावी."

सहासष्ट सालचा सप्टेंबर होता तो. त्याचं नाव व्होल्कमार थीसन. मूळचा कीलचा, समुद्रकाठचा, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली. आमची गावठी जर्मन ऐकून तो दर दोन वाक्यांनी "माफ करा?" म्हणायचा. स्टुटगार्टमध्ये एका टोप्यांच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेऊन त्याने मतचाचणीचा धंदा थाटला होता. आमच्या गावच्या वर्तमानपत्राने त्याला हे काम दिलं होतं. घरोघर हिंडणाऱ्या बाईंना ताप आला, म्हणून त्या दिवशी साहेब स्वतः पायपीट करत होते. तो ताप आला नसता तर... असं माझ्या मनात अजूनही कधीकधी येतं.

चार दिवसांनी तो पुन्हा दारात.

"एक प्रश्न विचारायचा राहिला होता."

"कोणता?"

तो प्रामाणिकपणे म्हणाला, "बसमध्ये विचार करत होतो. सुचला नाही."

त्या संध्याकाळी आम्ही द्राक्षमळ्यांतून वर चढत गेलो. द्राक्षं काढणीला आली होती. दगडी पायऱ्या उन्हाने कोमट झाल्या होत्या.

"इतक्या थोड्या लोकांना विचारून सगळ्या गावाचं कसं कळतं?" मी विचारलं.

"सूप नीट ढवळलेलं असेल तर एक चमचा चाखून कळतं ना?"

"आणि ढवळलेलं नसेल तर?"

"तर स्वयंपाक्याची नोकरी जाते." तो थांबला. नदीकडे बघत, मोठी परवानगी मागावी तसा म्हणाला, "आपण एकमेकांना... अरे-तुरे केलं तर चालेल?"

"कर की," मी म्हटलं. आमच्याकडे एवढंसं बोलणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट. उतरताना त्याने माझा हात धरला तो पायऱ्या निसरड्या आहेत असं सांगून. पायऱ्या खडखडीत कोरड्या होत्या.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात चाचणीचा निकाल छापून यायचा होता. बाबा दुकानात येरझाऱ्या घालायचे, गाजराच्या बिया मागणाऱ्याला मुळ्याच्या द्यायचे. आई गेल्यापासून त्यांना कशात इतका जीव लावताना मी पाहिलं नव्हतं. नदीला बांध घालायचा, पुराचं पाणी खालच्या आळीत शिरू द्यायचं नाही, एवढ्या एकाच गोष्टीसाठी ते उभे होते.

"मला एकटीला सांग," मी व्होल्कमारला म्हटलं. "पुढे आहेत की मागे?"

"छापून येईपर्यंत कुणालाच सांगत नाही, हायड्रुन."

"मी कुणीही आहे का?"

"नाहीस. म्हणून तर जड जातंय."

मी दोन दिवस फुगून बसले. मग वर्तमानपत्र आलं. बाबा पुढे होते, आणि चांगले पुढे. शेजारच्या बेकरीवाल्याने येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली, "झालं की मग, नगराध्यक्ष." सगळं गाव तेच म्हणत होतं. झालं की मग.

मतदानाचा रविवार लख्ख उजाडला. नवी वाइन तयार होती, डोंगरावरच्या खाणावळींनी बाहेर बाकं मांडली होती. बाबांची माणसं बायकापोरांसह वर गेली, कारण निकाल तर लागल्यातच जमा होता. समोरच्या उमेदवाराची माणसं मात्र आपल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून मतदानाला घेऊन आली. चर्चच्या गायनात जेवढी माणसं उभी राहतात, जेमतेम तेवढ्या मतांनी बाबा हरले.

सोमवारी दुकानाकडे कुणी फिरकलं नाही. लोकांना लाज वाटत असावी. आला तो एकच माणूस, सकाळच्या पहिल्या बसने.

"हेबर्लेसाहेब," तो बाबांना म्हणाला, "मी तुमची माफी मागायला आलोय."

"आकडा चुकला का तुमचा?"

"नाही. आकडा बरोबर होता. लोकांनी तो वाचला आणि मग तो बरोबर राहिला नाही."

बाबा आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. व्होल्कमारने माझ्याकडे पाहिलं. मला रडायचं नव्हतं, म्हणून मी कंद मोजण्याचं सोंग केलं.

"हायड्रुन, माझं ऐकून तरी घे."

"तुम्ही जा," मी म्हटलं.

तुम्ही. त्याच्या चेहऱ्यावर कुणीतरी दार आपटल्यासारखं झालं. घंटी वाजली, आणि तो गेला.

पुढे त्याचं नाव झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. निवडणुकीच्या संध्याकाळी मतदान संपायची वेळ झाली की टीव्हीवर तो दिसायचा — तोच चष्मा, तेच इस्त्रीचे शब्द — आणि मतमोजणी पुरती सुरू होण्याआधी कोण जिंकलं ते सांगून टाकायचा. राजधानी बॉनमधले मंत्री त्याचा आकडा ऐकून भाषणं बदलतात, असं लोक म्हणायचे. बाबा तेवढा वेळ पाइप भरत बसायचे. मी स्वयंपाकघरात उगीचच भांडी विसळायची आणि प्रत्येक शब्द ऐकायची. मला दोन मागण्या आल्या. दोघेही भले होते. मी नाही का म्हटलं, ते मला नीट सांगता आलं नाही.

बाहत्तरच्या वसंतात आमच्या राज्याची निवडणूक आली. एका मोठ्या पक्षाला व्होल्कमारचा आकडा शेवटच्या आठवड्यात छापून हवा होता, कारण तो त्यांच्या फायद्याचा होता. त्याने नकार दिला. मतदान तोंडावर आलं की आपण कुणालाही आकडा छापू देत नाही, म्हणाला. पक्षाने त्याचं काम काढून घेतलं, वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली. शेवटी टीव्हीवर एकाने त्याला विचारलंच, "आकडे विकणाऱ्या माणसाला हे सोवळं कशासाठी?"



"काही वर्षांपूर्वी एका लहान गावात माझा आकडा अगदी अचूक आला होता," तो म्हणाला. "तो वाचून लोक निर्धास्त झाले आणि मताला गेलेच नाहीत. एका चांगल्या माणसाचं काम त्यामुळे राहून गेलं. त्या गावात अजून पुराचं पाणी शिरतं. तेव्हापासून हा नियम आहे."

बाबांनी पाइप खाली ठेवला. "आपल्याबद्दल बोलतोय हा."

मी हातातली बशी पुसत राहिले. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"फोन तू करतेस की मी करू?" बाबांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी केला. तिकडे सेक्रेटरीने बजावलं की साहेब बैठकीत आहेत, कोण बोलतंय म्हणून सांगू? "बियाण्यांचं दुकान," मी म्हटलं. बैठक तिथेच मोडली असावी, कारण पुढचा आवाज त्याचाच होता, आणि त्याला शब्द जुळवता येत नव्हते.

शनिवारी तो आला. कानांजवळचे केस पिकायला लागले होते. बाबांनी त्याचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला आणि आत गेले.

"उशीर झाला यायला," मी म्हटलं.

"तासाभरापूर्वीच आलो गावात. जागा बघत होतो. स्टुटगार्टचं ऑफिस हलवायचंय."

"बॉनला जाणार असशील."

"सगळे तेच म्हणतात. मी चर्चच्या मागची जुनी चामड्याची वखार बघून आलो."

"ती? तिचं छप्पर गळतं."

"पाहिलं मी. तीन ठिकाणी."

"तुझी ती एवढी माणसं, मंत्र्यांचे ते निरोप... सगळे इथे येणार? आमच्या बसने?"

"ज्याला आकडा हवाय तो येईल." त्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याला फारसं दिसत नसे, त्यामुळे धीर येत असावा. "हायड्रुन, मी जन्मभर लोकांना प्रश्न विचारत आलो. उत्तर काय येईल याची मला कधी भीती वाटली नाही. आज वाटतेय."

"विचारून तर बघ."

त्याने विचारलं. फार हळू, आणि त्या इस्त्रीच्या भाषेत नाही, तर आमच्या गावठी जर्मनमध्ये, जी तो कुणाकडून शिकला होता कोण जाणे. उच्चार सगळे चुकले होते. मला हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. मी हो म्हटलं ते त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

बाहेर सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. भर दुपारी मी दुकानाला कुलूप लावायला निघाले. दोघांनी मिळून ती वखार एकदा नीट बघून यावी असं ठरलं होतं. तेवढ्यात आतून बाबा आले. त्यांच्या दोन्ही हातांत पत्र्याच्या बादल्या होत्या. एक त्यांनी व्होल्कमारच्या हातात दिली, एक माझ्या.

"तिसरी घेऊन मी मागून येतो," ते म्हणाले.