ऑरिन स्लेटनची शेवटची नळी

लांब, जड गोळी आणि कमी पिळाची नळी यांचं कधी जमत नाही. रायफलीच्या नळीत आतून खाचा असतात, त्या वळत वळत पुढे जातात आणि गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. पीळ कमी पडला की गोळी हवेत लडबडते आणि निशाणाच्या कागदावर आडवी आपटते. गोल भोकाऐवजी कागदाला लांबट चीर पडते. हे मला ऑरिन स्लेटनने शिकवलं. मोंटानातल्या आमच्या या खोऱ्यात त्याच्यासारख्या नळ्या कोणी कापल्या नाहीत आणि त्याच्याइतका हट्टी माणूसही कोणी पाहिला नाही. मी एकवीस वर्षं त्याच्या हाताखाली काढली.

मार्चमध्ये तो गेला. जूनमध्ये त्याच्या बायकोला, वर्नाला, रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला. सोडतीत ती अठ्ठावीस वर्षं नाव घालत होती. परवाना एकाच हंगामाचा. वर्ना सदुसष्ट वर्षांची, नोव्हेंबरात तिच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलेलं. यंदा नाही तर कधीच नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

म्हाताऱ्याने मरायच्या आधी तिच्यासाठी रायफल तयार करून ठेवली होती. काडतुसंही त्यानेच भरलेली, दीड इंच लांबीच्या तांब्याच्या गोळ्यांची. घळीपलीकडून, वाऱ्यात, चारशे यार्डांवर मारायचं तर तसलीच गोळी हवी. नळीवर त्याच्या हातचा आठचा ठसा होता, म्हणजे आठ इंचांत एक वेढा. त्या गोळीला तेवढाच पीळ लागतो. मी ठसा पाहिला आणि वर्नाला सांगून टाकलं, "मिसेस स्लेटन, काळजी नको. रायफल चालेल."

चूक तिथेच झाली. इतर कारागीर नळी कापून झाली की ठसा मारतात. ऑरिन कापायच्या आधी मारायचा. म्हणायचा, एकदा आकडा पोलादावर बसला की माघार नाही. हे मला माहीत होतं, तरी मी नळी मोजली नाही. गुरूचा आकडा कोण मोजतो?

सप्टेंबरातल्या एका सोमवारी मी ती रायफल पाच वेळा झाडली. कागदावर पाच लांबट चिरा. एकही गोल भोक नाही.

माझ्या दुकानात आणून मी नळी मोजली. साफ करायच्या गजाला घट्ट चिंधी लावायची, गजावर खूण करायची आणि तो नळीत ढकलायचा. चिंधी खाचा धरते, गज फिरतो. एक वेढा पुरा झाला की आत गेलेलं अंतर मोजायचं. बारा इंच भरले.

मी वर्नाला फोन केला. ती काठी टेकत आली, तोंडावर नेहमीचा, कडू तंबाखू चघळल्यासारखा भाव.

"म्हाताऱ्याचा हात चुकला," मी म्हटलं. "शनिवारपर्यंत मी माझी आठची नळी बसवून देतो."

"त्याचा हात चुकला, हे तू त्याच्यासमोर म्हणाला असतास?"

"नसतो म्हणालो."

"मग आता कशाला शेफारतोस? आणि मिसेस स्लेटन, मिसेस स्लेटन काय लावलंयस? तू पन्नाशीचा झालास, डेल."

"बाराच्या पिळातून ही गोळी सरळ जाणार नाही. जनावर जखमी होऊन घळीत जाईल आणि तुम्हाला सापडणारही नाही."

"शनिवारी खेचरं येतायत. पुढच्या आठवड्यात बर्फाने खिंड बंद होईल. मी जाणार, आणि याच नळीने जाणार. तू तुझं काम कर."

माझं काम म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही. मी माझी आठची नळी काढून ठेवली. तिचं मन शेवटच्या क्षणी वळेल अशी मला आशा होती.

मंगळवारी सकाळी तिला पटवायला म्हणून पुन्हा मोजलं. अकरा इंच.

चिंधी सैल असेल म्हणून दुसरी लावली. अकरा. तिसरी लावली. अकरा. स्वतःचाच राग आला. सोमवारी मी इतक्या गलथानपणे मोजलं होतं की काय? मग आठवलं, सोमवारची खूण अजून गजावर आहे. चष्मा लावून पाहिली. बारावरच होती.

बुधवारी दहा इंच भरले. त्या सकाळी दार उघडताच वास आला होता, डुकराच्या चरबीच्या तेलाचा. म्हातारा नळी कापताना तेच वापरायचा. मी बाटलीतलं तेल वापरतो, चरबीचं माझ्या दुकानात आणतच नाही. रायफलीच्या तोंडाखाली, बाकावर, पोलादाचा कीस पडलेला होता. केसांसारखा बारीक, तेलाने ओला. ऑरिनचा असाच पडायचा. माझा जाड पडतो, यावरून मी त्याच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

दुकानाची किल्ली एकच, ती माझ्या खिशात. बुधवारी संध्याकाळी मी रायफल तिजोरीत ठेवली आणि तिजोरीचा आकडाही बदलला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कोणीतरी चेष्टा करतंय असं मला वाटत होतं आणि मी त्याला पकडणार होतो.

गुरुवारी तिजोरी उघडली. आतून तोच वास आला. तळाशी कीस.

नऊ.

आता मात्र मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? कापलेल्या नळीचा पीळ पुन्हा घट्ट करता येत नाही. आधीच्या खाचा बुजवायच्या कुठे? ते पोलाद आहे, कणीक नाही.

दुपारी वर्ना आली. मी तिला गजावरच्या चार खुणा दाखवल्या. ती बराच वेळ त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"किती राहिलं?" तिने विचारलं.

"एक."

"मग उद्या होईल."

"मिसेस स्लेटन, ही नळी फुटू शकते. तुमच्या तोंडाजवळ."

"डेल, त्याने कधी अर्धं काम सोडलंय?"

शुक्रवारी आठ भरले.

मी रायफल निशाणाच्या मैदानात नेऊन शिकंज्यात बांधली, चापाला दोरी लावली आणि भिंतीआडून ओढली. पाच वेळा.

कागदावर पाच गोल भोकं होती. एका नाण्याखाली झाकतील इतकी जवळ.

मी तो कागद हातात धरून मैदानात उभा राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

शनिवारी ती गेली. पुढचे तीन दिवस मी एकही काम धड केलं नाही. फोन वाजला की वाटे, खिंडीतून निरोप आला.

मंगळवारी ती परत आली. खेचरावर मेंढ्याचं डोकं, पूर्ण वळलेली शिंगं. तिच्या चेहऱ्यावर एक ओरखडा नव्हता. मी तिला मिठी मारली. आमच्यात तशी पद्धत नाही.

"चारशे दहा यार्ड, आडवा वारा," ती म्हणाली. "एकच गोळी. उभा होता तिथेच बसला." तिने मेंढ्याच्या कातडीखाली सापडलेली गोळी माझ्या हातावर ठेवली. पुढून तांबं फुलासारखं उमललेलं, मागे बुडावर खाचांचे सहा तिरपे वण, स्वच्छ.

रायफल साफ करायला मी गजाला चिंधी लावली आणि ढकलला. गज आत गेला.

तो फिरला नाही.

या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. मी दिवा लावून नळीतून पाहिलं. आत एकही खाच नव्हती. भोक पाडून, घासून, गुळगुळीत करून ठेवलेलं कोरं पोलाद. पहिली खाच कापण्याच्या आदल्या दिवशी नळी असते तशी.

मी दिवा वर्नाच्या हातात दिला. तिने पाहिलं, मग खुर्चीत बसली.

"म्हणजे जिवंतपणी त्याने ही कापलीच नव्हती," ती म्हणाली.

गोळी अजून माझ्या मुठीत होती आणि तिचे सहाही वण बोटांना लागत होते.

"झालं ना काम?" ती कोपऱ्याकडे पाहून म्हणाली. माझ्याकडे नाही. "मला मेंढा मिळाला. आता पुरे कर." मग मला म्हणाली, "ही राहू दे तुझ्याकडे. घरी नेववत नाही."

रायफल मी तिजोरीत ठेवली. आठ दिवस काही झालं नाही. वास नाही, कीस नाही. नवव्या दिवशी सकाळी तिजोरी उघडली तेव्हा तळाशी ओला कीस होता.

नळीच्या तोंडाशी एक नवी खाच सुरू झाली होती, दोन बोटं आत गेलेली. गज फिरण्याइतकी लांब नव्हती, म्हणून मी मेणाचा ठसा घेतला आणि तिची तिरप मोजली. चार इंचांत एक वेढा.

मग सवयीने हिशेब केला. त्या पिळाला गोळी किती लांब लागेल? तीन इंच. माझ्या मधल्या बोटाएवढी.

तेवढी लांब गोळी कोणी बनवत नाही. रानमेंढ्याला लागत नाही, अस्वलालाही लागत नाही. मला माहीत असलेल्या कुठल्याच जनावराला लागत नाही.

आज सकाळी खाच तीन बोटं आत गेली आहे.